गिऱ्हाइकाशीं बोलणें

होळी झाली, उन्हें तापूं लागलीं, कीं लालबागच्या मसाला गल्लीचें रूप पालटतें. दुकानांपुढें मिरच्यांचीं पोतीं उभीं रहातात, डंखांचा खडखडाट सकाळपासून सुरू होतो, आणि गल्लींत पाऊल टाकणारा नवखा मनुष्य शिंकल्यावांचून पुढें जात नाहीं. पण या गल्लींत मिरचीहूनही अधिक उलाढाल होते ती बोलण्याची. "मावशी, यंदा तिखट किती हवें?" "अरे, गेल्या वर्षीं रंग जरा काळपट आला होता." "मग ब्याडगी पाव किलो वाढवूं आणि लवंगी कमी करूं." असें पांच-दहा मिनिटें बोलणें झाल्याखेरीज तागडींत मिरची पडत नाहीं.

हें बोलणें वेळ घालविण्यासाठीं नसतें. ब्याडगी मिरची कर्नाटकांतील हावेरी जिल्ह्यांतल्या ब्याडगी गांवाच्या नांवानें ओळखली जाते. ती रंगाला उत्तम, पण तिखटाला बेताची. संकेश्वरी मिरची बेळगांव जिल्ह्यांतील संकेश्वरच्या नांवाची; तिनें तिखटपणा येतो. लवंगी आकारानें लहान, परंतु जिभेला झोंबणारी. काश्मिरी मुख्यतः रंगासाठीं. यांचें प्रमाण मालवणी घरांत एक, आगरी-कोळी घरांत दुसरें, घाटावरच्या घरांत तिसरें. आणि एकाच चाळींतील दोन मालवणी घरांतही तें सारखें असेल असें नाहीं. धणे, दगडफूल, नागकेशर, बडीशेप, खसखस यांचें मान सासूकडून सुनेकडे तोंडींच येत असतें; तें बहुधा कोठें लिहिलेलें नसतें. तेव्हां दुकानदार मिरची विकतो असें वरवर दिसलें, तरी वस्तुतः तो त्या घराची चव लक्षांत ठेवण्याचें काम करीत असतो. त्याचें खरें भांडवल पोत्यांत नसतें. तें त्याच्या स्मृतींत असतें.

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचें सोनेंही पडून रहातें, अशा अर्थाची म्हण मराठींत प्रसिद्ध आहे. ती अर्धीच खरी आहे. माती एकदांच खपते. गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेस परत येतें तें दुकानदार किती बोलला यामुळें नव्हे, तर त्यानें किती ऐकलें यामुळें. आज हें बोलणें व ऐकणें दुकानाच्या फळीवरून उठून हातांतल्या लहानशा यंत्रांत शिरलें आहे. व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम इत्यादिकांना समाजमाध्यमें हें नांव आतां रूढ झालें आहे. या माध्यमांतून गिऱ्हाइकाशीं खरा स्नेह जुळूं शकतो काय, आणि जुळावयाचा तर कोणत्या रीतीनें, हा प्रस्तुत विषय आहे.

प्रथम जुन्या रीतीकडे पाहिलें पाहिजे. परळ, लालबाग, नायगांव या भागास गिरणगांव म्हणत. तेथील गिरणी-कामगाराचें वाणसामान वाण्याच्या खात्यावर चाले. महिनाभर वहींत आंकडे चढत आणि पगाराच्या दिवशीं ते उतरत. वाण्यापाशीं ना तारण, ना जामीन. त्याच्यापाशीं होती ती माहिती. कोणाच्या घरीं बाळंतपण आहे, कोणाचा भाऊ गांवाहून आला आहे, कोणाची पाळी बदलली आहे, हें सर्व त्याला पुडी बांधतां बांधतां समजे. या माहितीच्या आधारावर तो उधारी देई किंवा नाकारी. या व्यवहाराला काळी बाजूही होती. भाव वाढवून लावणें, मापांत मारणें, कर्जांत अडकविणें हे प्रकार घडतच. म्हणूनच नायगांवांत १९४८ सालीं कामगारांनीं आपली सहकारी ग्राहक संस्था काढली. तीच पुढें 'अपना बाजार' या नांवानें घरोघर माहीत झाली. १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिच्या रीतींत शेजारपाजारचीं कुटुंबें एकत्र येऊन संघ करतात, महिन्याची यादी देतात, आणि माल एकत्र खरेदी होऊन त्यांच्यांत वांटला जातो. या दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानांत येते: गिऱ्हाईक केवळ दुकानदाराशींच बोलत नाहीं, गिऱ्हाइकें आपापसांतही बोलतात, आणि तें बोलणें अधिक वजनदार असतें.

पुढें काळ फिरला. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी-कामगारांचा मोठा संप सुरू झाला; सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर उंच इमारती उठल्या, आणि चाळींतील कित्येक बिऱ्हाडें विरार, डोंबिवली, बदलापूर अशा दूरच्या गांवीं रहावयास गेलीं. लालबाग, दादर, गिरगांव येथील दुकानदारांच्या दृष्टीनें याचा अर्थ असा, कीं दुकान जागच्या जागीं राहिलें आणि गिऱ्हाईक पांगलें. हौसेनें वर्षांतून एकदां लोकलनें येणारीं माणसें राहिलीं. पण रोजची जा-ये संपली. जुन्या पेढीपुढचा खरा प्रश्न हा आहे. माल चांगला आहे, नांव चांगलें आहे, परंतु ज्यांना तें नांव ठाऊक आहे ते आतां हांकेच्या अंतरावर नाहींत.

येथें नव्या साधनाचा उपयोग सुरू होतो. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ कंपनीची सेवा सुरू झाल्यावर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट एकदम स्वस्त झालें. त्याच वर्षीं यूपीआय ही पैसे पाठविण्याची पद्धति आली. जानेवारी २०१८ मध्यें व्हॉट्सअॅपनें लहान व्यापाऱ्यांसाठीं निराळें, मोफत अॅप काढलें. त्यांत दुकानाचा पत्ता व वेळ लिहितां येते, मालाची चित्रमय यादी ठेवतां येते, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नांवास 'नवें', 'पैसे येणें', 'माल पाठविला' अशी खूण लावतां येते. मग २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. ती नेमकी मसाल्याच्या हंगामांत आली. फळीपुढची गर्दी अशक्य झाली, तेव्हां मुंबईंतील असंख्य लहान दुकानदारांना यादी, भाव आणि पैसे हे तिन्ही व्यवहार भ्रमणध्वनीवर करणें भाग पडलें. त्या उन्हाळ्यांत जें नाइलाजानें शिकलें गेलें, तें पुढें अंगवळणीं पडलें.

आतां या साधनाचें मर्म काय? वर्तमानपत्रांतील जाहिरात किंवा नभोवाणीवरील घोषणा एकतर्फी असते. ऐकणाऱ्यास उलट प्रश्न विचारतां येत नाहीं. समाजमाध्यमांत तो विचारतां येतो, आणि विचारणारा उत्तराची वाटही पाहात असतो. पुष्कळ व्यापारी नेमकें हेंच विसरतात. ते या नव्या साधनाचा उपयोग जुन्या भोंग्यासारखा करतात: रोज सकाळीं सूर्योदयाचें चित्र, सणासुदीस शुभेच्छांची रास, आणि मधूनमधून 'आजच मागणी नोंदवा' अशी हांक. असा दुकानदार फळीवर उभा राहून रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकाची बाही ओढणाऱ्या मनुष्यासारखा होय. लोक त्याला उत्तर देत नाहींत. ते दुसऱ्या बाजूच्या पदपथानें जाऊं लागतात.

एक उदाहरण घेऊं. समजा, गिरगांवांतील फराळाच्या एखाद्या दुकानानें चकलीचें छायाचित्र प्रसिद्ध केलें आणि त्याखालीं एका बाईंनीं विचारलें, "चकली किती दिवस टिकते?" यावर एक उत्तर असें: "पंधरा दिवस. किंमतीचें पत्रक सोबत जोडलें आहे. मागणी नोंदवा." हें उत्तर खोटें नाहीं, पण येथें संभाषण संपलें. दुसरें उत्तर असें: "ताई, घरीं खावयाची आहे कीं परगांवीं पाठवावयाची आहे?" बाई सांगतात, मुलगा परदेशीं शिकतो, त्याला पाठवावयाची आहे. मग दुकानदार लिहितो, "तर आज घेऊं नका. पार्सल ज्या दिवशीं जाणार, त्याच्या आदल्या दिवशीं कळवा. ताजी तळून देऊं, आणि मोडूं नये म्हणून डब्यांत भरून देऊं." दुसऱ्या उत्तरानें त्या दिवसाची विक्री बुडाली. परंतु त्या बाईंच्या मनांत एक खात्री उत्पन्न झाली, कीं हा मनुष्य माल खपविण्यापूर्वीं गरज विचारतो. पहिल्या दुकानदाराला एक प्रश्न मिळाला आणि त्यानें तो निकालांत काढला. दुसऱ्याला एक घर मिळालें.

यावरून संभाषणाचे कांहीं नियम सहज निघतात.

पहिला नियम ऐकण्याचा. उत्तर देण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा, आणि तो गिऱ्हाइकाच्या गरजेविषयीं असावा, स्वतःच्या मालाविषयीं नव्हे.

दुसरा नियम स्मरणाचा. मागील वर्षीं काय नेलें, काय आवडलें, काय खटकलें, याची टिपण ठेवावी. जुना दुकानदार तें डोक्यांत ठेवी. आतां नांवापुढें चार शब्द लिहून ठेवणें सोपें झालें आहे. "वहिनी, गेल्या वर्षीं तुम्हांला तिखट जास्त वाटलें होतें, यंदा कमी करूं ना?" या एका वाक्याचें मोल दहा जाहिरातींहून अधिक आहे. कारण जाहिरात सर्वांना सारखी असते, आणि हें वाक्य एकाच घरासाठीं असतें.

तिसरा नियम वेळेचा. उत्तर तत्काळ देतां आलें नाहीं तरी चालेल. पण तें केव्हां मिळेल हें सांगितलें पाहिजे. "सध्यां गर्दी आहे, रात्रीं नऊनंतर लिहितों" असें कळविणारा दुकानदार कोणालाही वाईट वाटत नाहीं. संदेश वाचला गेल्याची खूण दिसते आणि उत्तर येत नाहीं, तेव्हां मात्र मनुष्याला अपमान झाल्यासारखें वाटतें. फळीपुढें उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहून तोंड फिरविण्यासारखेंच तें आहे.

चौथा नियम तक्रारीचा, आणि तो सर्वांत कठीण आहे. चाळींत दोन बिऱ्हाडांचें भांडण झालें तर सगळी गॅलरी ऐकत असते. समाजमाध्यमांवर उघडपणें लिहिलेली तक्रार तशीच असते. बोलणारे दोघे, ऐकणारे शेंकडो. समजा, एकानें लिहिलें कीं मसाल्यांत खडा लागला. अशा वेळीं ती तक्रार पुसून टाकणें म्हणजे गॅलरींतील सर्वांना खडा दाखविण्यासारखें होय. वाद घालणें त्याहून वाईट. शहाणा दुकानदार त्याच जागीं, सर्वांच्या देखत, दोन ओळींत खेद व्यक्त करतो. मग पुडीवरील तारीख व खरेदीचा तपशील खासगी संदेशानें मागवितो. माल बदलून देतो अथवा पैसे परत करतो. आणि शेवटीं पुन्हा त्याच उघड्या जागीं येऊन काय केलें हें सांगतो. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. मग ऐकणाऱ्या शेंकडों लोकांना तक्रार ठाऊक रहाते, निवारण मात्र ठाऊक होत नाहीं.

तक्रारीकडे पाठ फिरविली म्हणजे काय होतें, याचें एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. २००८ सालीं डेव्ह कॅरोल या कॅनडातील गायकाची गिटार युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासांत मोडली. त्यानें कित्येक महिने पाठपुरावा केला. नुकसानभरपाई नाकारली गेली. जुलै २००९ मध्यें त्यानें आपली तक्रार गाण्यांत गुंफून यूट्यूबवर ठेवली, आणि थोड्याच दिवसांत तें गाणें लाखों लोकांनीं पाहिलें. एवढी मोठी विमान कंपनी, पण एका मनुष्याचें न ऐकल्यामुळें तिला साऱ्या जगाचें ऐकावें लागलें. उलट उदाहरण मुंबईंतच आहे. मुंबई पोलिसांनीं डिसेंबर २०१५ मध्यें ट्विटरवर आपलें खातें उघडलें. पोलीस म्हणजे कांहीं दुकान नव्हे. तरी नागरिकांना तेथें उत्तरें मिळूं लागलीं, मधूनमधून विनोदानेंही मिळूं लागलीं, आणि चौकीची पायरी चढण्यास बिचकणारा मनुष्य तेथें निःसंकोचपणें लिहूं लागला. संस्था मोठी असो वा लहान, बोलण्यांत माणूस दिसला कीं अंतर कमी होतें.

कायद्यानेंही या गोष्टीची दखल घेतली आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्यानें घेतली. त्याखालीं २०२० सालीं इंटरनेटवरील व्यापारासाठीं जे नियम झाले, त्यांप्रमाणें तक्रार मिळाल्याची पोंच ४८ तासांच्या आंत आणि तिचें निवारण एका महिन्याच्या आंत झालें पाहिजे. परंतु जो दुकानदार ४८ तासांचा हिशेब करीत बसतो, त्याला संभाषणाचें मर्म कळलें नाहीं असेंच म्हणावें लागेल. कायदा किमान मर्यादा घालतो. स्नेह त्याच्या पलीकडे सुरू होतो.

आतां या मार्गांतील धोके पाहिले पाहिजेत. पहिला धोका गिऱ्हाइकाच्या खासगीपणाचा. वाण्याला जें समजे तें वाण्याच्या पोटांत राही, निदान रहावें अशी अपेक्षा असे. आज एका घराचा क्रमांक, पत्ता आणि खरेदीची संवय हीं एका क्षणांत दुसऱ्याच्या हातीं देतां येतात. एका दुकानांत क्रमांक द्यावा आणि आठवड्याभरांत दहा अनोळखी दुकानांचे संदेश यावेत, हा अनुभव मुंबईंतील बहुतेक घरांना आहे. २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याच्या मुळाशीं संमति हें तत्त्व आहे. गिऱ्हाइकाला न विचारतां त्याचें नांव एखाद्या मोठ्या गटांत घालणें, आणि त्यायोगें त्याचा क्रमांक शेंकडों परक्यांस दाखविणें, हा असभ्यपणा आहे. त्यास कायद्याची वाट पहाण्याचें कारण नाहीं. व्हॉट्सअॅपच्या साध्या प्रसारण-यादीची रचना या दृष्टीनें बोधप्रद आहे. ज्यानें दुकानदाराचा क्रमांक स्वतःच्या यंत्रांत नोंदवून ठेवला असेल, त्यालाच त्या यादींतील संदेश पोंचतो. म्हणजे आधीं गिऱ्हाइकानें दुकानदाराला ओळख द्यावयाची, मग दुकानदारानें बोलावयाचें. मोठ्या आस्थापनांसाठीं जी निराळी व्यवस्था आहे, तींतही गिऱ्हाइकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तासच मोकळेपणें लिहितां येतें. त्यानंतर आधीं मंजूर करून घेतलेल्या नमुन्याचाच संदेश धाडावा लागतो.

दुसरा धोका यंत्राच्या उत्तरांचा. आतां संगणक आपोआप उत्तरें देऊं शकतो. दुकान केव्हां उघडतें, पाव किलोचा भाव काय, अशा प्रश्नांना त्यानें उत्तर दिलें तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. रात्रीं दोन वाजतां दुकानदारानें जागें रहावें असें कोण म्हणेल? परंतु तक्रारीला, शंकेला किंवा दुःखाला यंत्राचें तयार उत्तर मिळालें, तर मनुष्य दुखावला जातो. निदान यंत्र बोलत आहे हें उघड सांगावें, आणि माणसाशीं बोलण्याचा मार्ग मोकळा ठेवावा.

तिसरा धोका परावलंबनाचा. वाण्याची वही त्याच्या गल्ल्यांत असे. समाजमाध्यमावरील खातें हें परक्याच्या जागेंत मांडलेलें दुकान आहे. मालक नियम बदलूं शकतो, खातें बंद होऊं शकतें, चोरीस जाऊं शकतें. ज्या पेढीनें आपल्या गिऱ्हाइकांचीं नांवें व त्यांच्या आवडी यांची संमतीनें केलेली नोंद स्वतंत्रपणें स्वतःच्या वहींत उतरून ठेवली नाहीं, तिची अनेक वर्षांची पुण्याई एका दिवसांत पुसली जाण्याचा संभव असतो.

चौथी गोष्ट धोक्याची नव्हे, मर्यादेची आहे. कित्येक वडीलधाऱ्या स्त्रियांना टंकलेखन जमत नाहीं. पण बोललेला संदेश पाठविणें जमतें. त्यांच्यासाठीं दुकानदारानेंही तोंडीं उत्तर पाठविलें, तर जुना फळीवरचा सूर पुन्हां ऐकूं येतो. आणि माल वाईट असेल तर कितीही गोड बोलून उपयोग नाहीं. मिरचींत भेसळ असेल, तर संभाषण म्हणजे केवळ अधिक लोकांना ती बातमी पोंचविण्याची सोय ठरेल.

शेवटीं पुन्हां मसाला गल्लीकडे वळूं. समजा, लालबागच्या चाळींतून बदलापुरास गेलेलें एक कुटुंब आहे. तेथील वृद्ध सासू दर उन्हाळ्यांत येऊन, दुकानदाराशीं हुज्जत घालून, घरचा मसाला करून नेत असे. ती गेली. प्रमाण तिच्या डोक्यांत होतें; तें तिच्याबरोबर गेलें. वर्षभरानें सून भीत भीत दुकानाच्या क्रमांकावर लिहिते, "आईंचा मसाला तुमच्याकडेच होत असे. काय काय घालीत हें आम्हांस ठाऊक नाहीं." आणि थोड्या वेळानें उत्तर येतें: कोणती मिरची किती, धणे किती, दगडफूल किती, आणि खालीं एक ओळ, "त्या नागकेशर थोडें कमी घालावयास सांगत." ज्या दुकानदारानें दहा वर्षें केवळ भावाचीं पत्रकें पाठविलीं असतील, त्याला हें उत्तर देतां येणार नाहीं. ज्यानें ऐकून, विचारून, टिपून ठेवलें असेल, त्यालाच तें देतां येईल. यंत्र नवें असो वा फळी जुनी असो, त्या एका ओळीसाठींच गिऱ्हाइकाशीं बोलावयाचें असतें.